शाहूपुरीत ऐकलेले आयर्लंड

आयरिश लोकसंगीत ऐकायला मी कोल्हापूरला गेले होते, हे वाक्य नागपुरात परतल्यापासून मी बऱ्याच जणांना ऐकवले आहे आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यावर मला एकच संशय दिसला आहे: प्रवासाच्या शिणाने बाईंच्या बोलण्यात दोन गावे एकत्र झाली असावीत. तसे काही झालेले नाही. कोल्हापुरात शाहूपुरी नावाची पेठ आहे, तिथे गुळाच्या व्यापाऱ्यांची घरे आहेत आणि त्यांतल्या एका घराच्या दिवाणखान्यात, गल्लीतल्या पंचवीस-तीस माणसांपुढे, आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरून आलेल्या एका माणसाने एका संध्याकाळी फिडल वाजवले. फिडल म्हणजे आपले व्हायोलिनच. वाद्य तेच, बोलण्याची तऱ्हा निराळी. मी ते हाताच्या अंतरावरून ऐकले. ज्यांना ते ऐकता आले नाही त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. आणि त्या घराचे आभार मानण्यासाठीही, कारण समोरासमोर आभार मानायला गेले की त्या घरात पानात आणखी एक भाकरी पडते.

महादेवी ही माझी पुण्याच्या वसतिगृहातली मैत्रीण. आश्विनात तिचा फोन आला. "लीला येतीय. जावयाला घेऊन, पहिल्यांदाच. घरातच बैठक ठेवलीय त्याची. तू ये की गं." मग तिचा आवाज उतरला. "ह्यांचं काही खरं नाही. त्या दिवशी नेमकं संकेश्वरला जायचं म्हणतात."

'हे' म्हणजे तिचे यजमान. घर, पेठ आणि भाऊबंद त्यांना अप्पा म्हणतात. लीला ही त्यांची एकुलती एक लेक. शिकायला आयर्लंडला गेली आणि क्लेअर नावाच्या परगण्यातल्या डोनलशी तिथेच लग्न करून राहिली. डोनल शाळेत मुलांना संगीत शिकवतो आणि संध्याकाळी फिडल वाजवतो. अप्पांच्या लेखी वाजवणारा म्हणजे वरातीपुढचा बँडवाला. म्हणून त्यांनी साऱ्या भाऊबंदांत जावई इंजिनिअर असल्याचे सांगून टाकले होते. आता तो खोटा इंजिनिअर आपल्याच दिवाणखान्यात साऱ्या गल्लीसमोर फिडलचा गज हातात घेणार, हे कळल्यावर त्यांना संकेश्वरचे काम आठवले होते.

शाहूपुरी

त्या पेठेत शिरताना पहिल्यांदा भेटतो तो गुळाचा वास. हंगाम सुरू व्हायचा होता, वखारी निम्म्या रिकाम्या होत्या, तरी भिंतींनी तो धरून ठेवला होता: तापलेला, किंचित करपलेला, जिभेच्या मागच्या बाजूला जाऊन बसणारा. आमच्याकडे संत्र्याच्या बाजारातून गेले की तोंडाला आंबट पाणी सुटते. इथे घशाला ऊब येते.

दारात अप्पाच उभे होते. पांढरा सदरा, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, आणि समोरचा माणूस नदीपलीकडे असावा असा आवाज.

"या, या! लई लांबनं आलासा. नागपूरला ऊन लई म्हणं?"

"आता कमी झालंय जरा."

"कमी कसलं हुतंय! बसा. च्या घ्या आधी. मग बोला."

डोनल मला जेवणाच्या वेळी दिसला. तांबूस दाढीचा, उंचच उंच, बोलण्यात मृदू. त्या घराच्या चौकटी बुटक्या होत्या आणि त्याचे कपाळ प्रत्येक चौकटीची विचारपूस करत फिरत होते. लिंगायताचे घर, त्यामुळे कोल्हापूरचे म्हणून जे रस्से गावोगाव मिरवतात ते इथे नाहीत. पानात पापडासारखी कडक ज्वारीची भाकरी होती, तेलात शिजलेली भरली वांगी होती, शेंगदाण्याची चटणी होती आणि सुरीने कापावे असे दही. आमच्या नागपुरी जेवणातले तिखट तर्रीत तरंगते, येताना दिसते. इथले तिखट मिरचीच्या खर्ड्यात दडून बसते, हिरवेगार आणि निरागस. डोनलला ती पालेभाजी वाटली. त्याने चांगला घासभर खर्डा तोंडात घातला आणि त्याचे निळे डोळे आमच्या देखत भरून आले.

"दही द्या! दही!" अप्पा ओरडले आणि वाट न पाहता आपल्यापुढची वाटी त्यांनीच त्याच्यापुढे सारली. मग महादेवीकडे पाहून म्हणाले, "सांगायचं न्हाई व्हय त्याला? काय झालं म्हंजी आमच्यावर यायचं."

हा माणूस कठोर नाही, हे मला त्या वाटीने सांगितले. म्हणून धीर करून विचारले, "अप्पा, बैठकीला तुम्ही असाल ना?"

"मला संकेश्वरला जायाचं हाय."

"काही मोठं काम?"

"काम हाय की. काम न्हाई असं कधी असतंय व्हय?" आणि ते हात धुवायला उठले.

गगनबावडा

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघे, महादेवी, लीला, डोनल आणि मी, गगनबावड्याला गेलो. शहर सुटले की आधी ऊस लागतो, दोन्ही बाजूंनी इतका उंच की रस्ता भांगासारखा दिसतो. पुढे भाताची खाचरे येतात, पिकत आलेली, ओलसर सोनेरी. आणि मग कुठल्याशा वळणावर रंग संपतात. पाऊस सरत आला होता, पण घाटमाथ्याला ते कोणी कळवले नसावे. धुके गाडीच्या काचेला गाल लावून चालले होते. कड्याच्या टोकाशी उभे राहिलो तेव्हा खाली कोकण असल्याचे महादेवीच्या शब्दावर मान्य करावे लागले. माझी छत्री वाऱ्याने उलटी केली आणि तिच्या काड्या मोडून मला परत दिली.

 भिजलेल्या काळ्या दगडावर डोनलने तळवा टेकला, गवताचा वास घेतला आणि म्हणाला, आमच्या घरामागे असेच आहे. फक्त इथे मेंढ्या कमी पडल्या. टपरीवर कांदाभजी आली, वाफाळलेली, कडांना कुरकुरीत. ती खाता खाता त्याने सांगितले की त्यांच्याकडे हे संगीत स्वयंपाकघरात वाजते. शेजारी येतात, खुर्च्या ओढून घेतात, कुणी मैफल वगैरे म्हणत नाही. वाजवणारा ऐकणाऱ्यांत इतका मिसळून बसतो की गज कधी कुणाच्या कपाला लागतो, म्हणून जाणती माणसे आपला चहा खिडकीत ठेवतात. मला आपल्या बैठकी आठवल्या: आपणही जवळच बसतो, पण पांढऱ्या चादरीएवढे अंतर अदबीने राखतो.

महादेवी त्याला गरम भज्यांचे दुसरे ताट घ्यायला घेऊन गेली, तेव्हा लीला माझ्याजवळ सरकली.

"मावशी, मी अप्पांना फोनवर खरंच सांगितलं होतं. म्हटलं, अप्पा, तो वाजवतो. ते म्हणाले, लाइन खराब हाय, ऐकू येत न्हाई. आणि ठेवला." तिने शालीचे टोक बोटाभोवती गुंडाळले. "लाइन चांगली होती."

"त्यांना आवडेल असं वाटतं तुला?"

"आवडलंच पाहिजे असं काही नाही. नाही आवडलं तर नाही म्हणू देत, ओरडू देत. पण एकदा समोर बसून ऐकावं. चार दिवसांनी आम्ही निघणार. परत कधी येणं होतंय, कुणाला माहीत. मी त्या घरात वाढले, आणि माझ्या नवऱ्याचं त्या घरात जे नाव आहे ते खोटं आहे. कसं वाटत असेल सांगा."

 धुक्यात कुठेतरी गुराच्या गळ्यातली घंटा वाजत होती आणि जनावर दिसत नव्हते. मी तिचा हात धरला. तो गार होता.

बैठक

बैठकीच्या दिवशी दुपारीच अप्पांची थोरली बहीण आली. अक्का, सत्तरीपुढची, शेंगापोळ्यांचा डबा काखेत. अप्पा तेव्हा पिशवी घेऊन उंबऱ्यातच होते.

"कुटं निघालास रं?"

"संकेश्वरला."

"मी संकेश्वरात ऱ्हाते," अक्का म्हणाली. "तितं आज काय हाय ते मला सांग."

 थोरली बहीण घरात आली की भावाने बाहेर पडायचे नाही, अशी त्या घराची रीत. अप्पांनी पिशवी खुंटीला लावली, पाठ धरल्याचे जाहीर केले आणि आतल्या खोलीत जाऊन पडले. दार मात्र पुरते लावले नाही.

महादेवीने बैठक सजवली होती ती तिच्या मनातल्या उत्तम मैफलीसारखी: जाड गादी, तिच्यावर परीटघडीची चादर, तक्के, समई, मोगऱ्याचा गजरा. दाराबाहेर चपलांचा ढीग वाढू लागला. आधी सत्कार झाला, कारण त्याशिवाय कोल्हापुरात काही सुरू होत नाही. डोनलला गुलाबी फेटा बांधला गेला. पहिल्याच धुनेत फेट्याचा शेमला गजाच्या वाटेत आला आणि वाद्यातून मांजरीसारखा आवाज निघाला. सगळे हसले, तोही हसला, आणि फेटा उतरवून त्याने तक्क्याला घातला. पुन्हा सुरुवात झाली.

आपले व्हायोलिनवादक मांडी घालून बसतात आणि वाद्याचे टोक पावलावर टेकवतात. डोनल ते हनुवटीखाली धरतो. मांडी घातलेले त्याचे गुडघे खांद्यापर्यंत आले होते. सूर गोड होते, त्यांच्यात धुक्याचा ओलावा होता, पण ते एकमेकांचा हात धरीनात. एखादी ओळ धावत सुटे आणि मध्येच आपण का धावतो आहोत असे विचारल्यासारखी थबके. मला त्याचे पाऊल दिसत होते: मोज्यातले, मऊ गादीत रुतलेले, टाच उचलून खाली आणणारे, आणि त्याचा काहीही आवाज न होणारे. माणसे चुळबुळू लागली.

"गोड हाय बाई," अक्का सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात म्हणाली, "पण ह्यो सुरू कुठं हुतोय आणि ऱ्हातोय कुठं, कळंना."

डोनलने गज खाली केला. लीलाच्या कानाशी तो काही बोलला आणि तिचा चेहरा पांढरा झाला.

"तो म्हणतोय... खुर्ची मिळेल का." ती थांबली. "आणि त्याचे बूट."

खुर्ची लगेच आली. बूट कोण आणणार? त्या दिवाणखान्याच्या भिंतीपलीकडे घरातली लिंगपूजा होते. त्या उंबऱ्याच्या आत आजवर पादत्राण आलेले नाही. महादेवीने चादरीकडे पाहिले, देवघराच्या भिंतीकडे पाहिले. "अनवाणीच वाजव म्हणावं त्याला," ती कशीबशी म्हणाली. त्याने मोजे काढून फरशीवर टाच आपटून पाहिली. आवाज आला तो कणकेचा गोळा पडावा तसा. मग त्याने मान हलवली आणि लीलाला सांगितले की तो दोन संथ धुना वाजवून थांबेल, काही हरकत नाही. लीलाने ते मराठीत कुणाला सांगितले नाही. ती भिंतीला टेकून खाली बसली.

आतल्या खोलीचे दार उघडले.

"ठोका पायात हाय त्याचा," अप्पा म्हणाले. कुणाला उद्देशून ते कळले नाही. "मगाधरनं ऐकतोय. ठोका मिळंना म्हणून सूर सांडाय लागल्यात." अप्पा दर सोमवारी मठातल्या भजनाला टाळ धरतात, हे महादेवीने मला तेव्हा कानात सांगितले. "गादी गुंडाळा. उठा, उठा की सगळी! आणि पाट आण. शिसवी."

"जेवायचा?" महादेवीने विचारले.

"मग काय, पोहायचा?"

माणसे उठली, गादी गुंडाळली गेली, उघड्या फरशीवर पाट आला. तेवढ्यात अप्पा आमच्यातून वाट काढत दाराबाहेर गेले. चपलांच्या ढिगातून त्यांनी ते बूट उचलले; शोधावे लागले नाहीत, गल्लीत तेवढा पाय कुणाचाच नव्हता. दोन्ही हातांत धरून, सदऱ्यापासून थोडे दूर, ते उंबरा ओलांडून आत आले आणि त्यांनी ते पाटाशी ठेवले. 

"लग्नात जावयाचं पाय धुवायचं ऱ्हायलंतं न्हवं तुझं?" अक्का खणखणीत म्हणाली. "आता उचल बूट!"

सगळी खोली हसली. अप्पा हसले नाहीत. "घाला," ते डोनलला म्हणाले, आणि त्याच्यासमोर फरशीवर मांडी घालून बसले. पाठीचे काय झाले ते कुणी विचारले नाही.

मग मी ते संगीत ऐकले. रील म्हणतात त्या प्रकाराला; नाचासाठी बांधलेली जलद धून. टाच पाटावर पडली, शिसवी लाकडातून टणक, कोरडा ठोका निघाला, आणि त्या ठोक्यावर सूर येऊन उभे राहिले. धून गोल फिरते, आरंभाशी येते आणि आपण संपलो हे कबूल न करता पुन्हा निघते. फुगडी घालणाऱ्या मुलींना थांबताच येत नाही तसे. गज इतका आखूड चालत होता की मनगटच बोलते आहे असे वाटावे. समईची ज्योत प्रत्येक ठोक्याला थरथरत होती. अक्काच्या बांगड्या वाजू लागल्या, मागे कुणी मांडीवर थाप धरली, कोपऱ्यातून शिट्टी आली. डोनलने मान वर करून शिट्टीच्या दिशेने पाहिले आणि हसून वेग वाढवला. अप्पांचा चेहरा गंभीर होता. फक्त त्यांच्या उजव्या हाताची बोटे गुडघ्यावर ठोका मोजत होती आणि एकही चुकत नव्हती.

धून संपली. टाळ्या थांबल्यावर शेजारचे निवृत्त गुरुजी म्हणाले, "अप्पा, जावई इंजिनिअर हाईत म्हणालतासा न्हवं?"

लीलाच्या हातात पाण्याचे भांडे होते. ते तिने खालीही ठेवले नाही, ओठांनाही लावले नाही. महादेवी समईची वात सारू लागली, जी सारायची गरज नव्हती.

"न्हाईत," अप्पा म्हणाले. "म्या खोटं सांगितलं. वाजवत्यात. ऐकलासा न्हवं?"

"ऐकलं की," गुरुजी म्हणाले, "म्हणून तर इचारलं. इंजिनिअरला असलं कुठलं जमतंय!"

त्या हशात लीला उठून स्वयंपाकघरात गेली. मी तिच्यामागे गेले नाही. काही वेळा माणसाला ओट्याशी एकटे उभे राहू द्यावे. ती परत आली तेव्हा तिने तोंड धुतले होते आणि ती सरळ अप्पांच्या शेजारी जाऊन बसली.

शेवटची धून संथ होती. त्यांच्याकडे वाजवण्याआधी ती कुणाकडून मिळाली ते सांगतात. डोनलने सांगितले, लीलाने मराठीत केले: "ही त्यानं शेजारच्या मार्टिनकडनं घेतली. शेतकरी होता. गाईची धार काढताना गुणगुणायचा. आता तो नाही."

अप्पांचा हात वर गेला आणि त्यांनी आपल्या कानाची पाळी धरली. गुरूचे नाव निघाले की आपल्याकडे धरतात तशी, सहज, नकळत. सात समुद्रांपलीकडच्या, धार काढणाऱ्या एका अनोळखी माणसासाठी.

"म्हशी न्हाईत व्हय त्यांच्यात?" अक्काने विचारले, आणि तिला गप्प करण्यात आले.

त्या धुनेला ठोका नको होता. बूट पाटावर स्वस्थ होता. सूर एकेक करून येत होते, शेवटाशी किंचित वाकत होते, दव पडलेल्या गवतासारखे, आणि दोन सुरांमध्ये त्या खोलीचा श्वास ऐकू येत होता. शब्द नसलेल्या गाण्यात इतके सांगितले जाऊ शकते, हे मी आयुष्यभर कविता शिकवताना वर्गात म्हटले असेल. त्या संध्याकाळी ते मला कुणीतरी दाखवले. त्या घराचे, त्या पाटाचे, क्लेअरमधल्या त्या गोठ्याचे ऋण माझ्यावर आहे आणि ते फेडायची मला घाई नाही.

निघताना

माझी गाडी दुसऱ्या दिवशीची होती. सकाळी न्याहारीला आम्ही सगळे खालीच बसलो. अक्काच्या शेंगापोळ्या, त्यांच्यावर तूप. दाण्याचा आणि गुळाचा असा खरपूस वास सुटला होता की मी बांधलेली पिशवी पुन्हा सोडून दोन पोळ्यांना जागा केली. गल्लीतली माणसे एकेक करून दारातून डोकावत होती. कुणाला वाद्य पाहायचे होते, कुणाला पाटाला चरा गेला का ते. गेला होता, टाचेएवढा. महादेवीने तो घासून काढायचे नाव घेतले नाही.

अप्पांनी परातीतली पोळी उचलली आणि डोनलकडे वळले. "आनी एक घ्या!" ते ओरडले. आवाज मोठा केला की मराठी कळते, असा त्यांचा समज असावा. "लई वाजवलंसा काल. घ्या! अंगाला लागंल. आनी आज दुकानात चला माझ्यासंगं. ते बी घ्या बरोबर, गज-बिज सगळं. पेठेत दावायचं हाय."

डोनलला एक अक्षरही समजले नाही. त्याने सवयीने लीलाकडे पाहिले.

लीला खाली मान घालून पोळीचा तुकडा तुपात बुडवत होती. तिने तो तोंडात घातला, सावकाश चावला, आणि काहीच सांगितले नाही. डोनलने क्षणभर वाट पाहिली. मग त्याने आपले ताट उचलून अप्पांपुढे धरले.